पप्पा पुण्याला गेल्यापासून साडेचार वर्षांचा मुलगा सैरभैर झालाय, काय करावं?

जुळेसोलापूरची_आई

नमस्कार. घरात मी, सासूबाई आणि साडेचार वर्षांचा मुलगा. जूनपासून मिस्टरांना पुण्यात नोकरी लागली. शुक्रवारी रात्री हुतात्मा एक्स्प्रेसनं येतात, सोमवारी सकाळच्या हुतात्मानंच परत जातात. सुरुवातीला त्यांना निघताना पाहून मुलगा इतका रडायचा की शेवटी घरात असं ठरलं, तो झोपेत असतानाच निघायचं. उठल्यावर "पप्पा कुठंयत?" विचारतो, तेव्हा सासूबाई सांगतात, "खाली दूध आणायला गेलेत, येतील." तो थोडा वेळ गॅलरीत उभा राहतो, मग आत येतो.

आता दोन-अडीच महिने झाले. रात्री अंथरूण ओलं करतो. हे वर्षभरापूर्वीच पूर्ण थांबलं होतं. झोपताना माझ्या ओढणीचं टोक मुठीत लागतं. मी बाथरूमला गेले तरी दाराबाहेर बसून राहतो, "आई, आहेस ना?" म्हणून विचारत. सकाळी एलकेजीला निघायच्या वेळी रोज पोट दुखतं, सुट्टीच्या दिवशी दुखत नाही. शाळेच्या गेटवर पायाला मिठी मारतो. टीचर म्हणतात, "तुम्ही पटकन निघा, पाच मिनिटांत शांत होतो." मोबाईल लावून दिला तरच जेवतो.

मागच्या रविवारी संध्याकाळी त्यानं पप्पांचे बूट गहू भरायच्या डब्यामागं लपवून ठेवले. सोमवारी पहाटे सगळं घर शोधत होतं. गाडी कशीबशी मिळाली.

सासूबाई म्हणतात, लाडानं भित्रा झालाय, जरा कडक वागा. शेजारच्या काकू म्हणतात, दृष्ट काढा. माझं मन दोन्हीत लागत नाही. कुणाच्या घरी असं झालंय का?

चाकणवाला_बाबा

ताई, मी स्वतः चाकणला कंपनीत आहे, कुटुंब अक्कलकोट रोडला. मुलगी पाच वर्षांची. आम्ही झोपेत कधी गेलो नाही. तिला उठवूनच निघतो. रडते, मग मीही सांगतो की मला पण तुला सोडून जायला आवडत नाही. जिना उतरतो तेव्हा आवाज ऐकू येत असतो, फार जड जातं. पण रिक्षा पुढच्या चौकात पोचेपर्यंत बायकोचा फोन येतो की ती दात घासायला गेली.

दोन गोष्टी आमच्याकडं चालल्या. खुंटीवर पाच रुमाल लावतो. रोज शाळेला जाताना एक काढायचा, शेवटचा काढला की त्या रात्री पप्पा. "पाच दिवसांनी येतो" म्हटलेलं तिला कळत नव्हतं, रुमाल कळतात. आणि माझी पांघरायची चादर तिच्याकडं असते. आपली सोलापुरी, जाड. ती धुवायला टाकू देत नाही, म्हणते पप्पांचा वास जाईल.

पूर्वभागच्या_बाई

मी सोलापूरच्या पूर्व भागात बरीच वर्षं बालवाडी चालवली, आता घरी असते. माझ्या मुलीच्या वयाची असशील म्हणून तू म्हणते.

बूट लपवले, यात तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे. त्या लेकराला सगळं ठाऊक आहे. पप्पा जाणार आहेत, बूट घालून जाणार आहेत, आणि मला कुणी सांगणार नाही. मग त्यानं त्याच्या बुद्धीप्रमाणं उपाय केला. असं मूल भित्रं नसतं. भित्रं मूल गप्प बसतं.

आता त्याच्या जागी बसून बघ. आपल्या घरात "दूध आणायला गेले" याचा अर्थ काय, तर माणूस गेला आणि पाच दिवस आलाच नाही. मग आई बाथरूममध्ये गेली तर ती परत बाहेर येईल कशावरून? शाळेच्या गेटवरून पाठ फिरवली तर ती घरी असेल कशावरून? झोपलं तर उठल्यावर कोण असेल, कोण नसेल? ओढणी मुठीत धरून झोपतो तो याच्यासाठी. पप्पा पुण्याला जातात हे दुःख त्याला झेपेल. पण कोण कधी नाहीसं होईल याचा भरवसा नाही, हे साडेचार वर्षांच्या मुलाला झेपत नाही. मोठ्या माणसालाही झेपत नाही.

माझ्या बालवाडीत बहुतेक आया विडी कामगार. सकाळी मूल सोडायचं, वळलेल्या विड्या कारखान्यात द्यायच्या, पानं-तंबाखू घेऊन घरी जायचं. घाई असायची. त्यातली एक आई मुलाचं लक्ष भिंतीवरच्या हत्तीकडं वळवायची आणि हळूच सटकायची. पोरगं तेलुगू बोलणारं. वळून बघायचं, आई नाही. मग दिवसभर दारापासच्या फरशीवर बसून. खेळणं दिलं तर हातात धरायचं, खेळायचं नाही. डबा उघडायचं नाही. रडायचं पण नाही, आणि म्हणून येणारे-जाणारे म्हणायचे, किती शहाणं पोरगं.

त्या आईला मी बसवून घेतलं. म्हटलं, रडला तर मी आहे सांभाळायला, पण तू त्याच्या डोळ्यांत बघून सांगून जा. आणि "लवकर येते" म्हणू नको, लवकर म्हणजे काय ते त्याला माहीत नाही. "खिचडी खाऊन झाली की येते" असं सांग, आणि खिचडीच्या वेळेला दारात उभी राहा, मग पानं उशिरा मिळाली तरी चालतील. पहिल्या दिवशी त्यानं बालवाडी डोक्यावर घेतली. मी त्याला मांडीवर घेऊन बसले. "अम्मा वस्तदी" एवढंच म्हणत राहिले. त्या मुलांसाठी असली वाक्यं मी तेलुगूत, कानडीत, दखनीत पाठ केली होती, कारण रडणाऱ्या मुलाला समजावायचं तर ते त्याच्या आईच्या बोलीतच. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "खिचडी?" म्हटलं, अजून शिजतेय. दर थोड्या वेळानं तोच प्रश्न. पण मधल्या वेळात तो दारापासून उठला, ठोकळ्यांपाशी गेला. आई येणार कधी हे कळलं होतं ना, आता त्याला खेळायला मोकळीक होती. पुढं महिनाभरानं तोच नव्या मुलांना सांगायचा, "खिचडी झाली की येते तुझी अम्मा."

म्हणून पहिलं काम, दुधाची गोष्ट आजपासून बंद. येत्या रविवारी संध्याकाळी पप्पांनी त्याला जवळ घेऊन स्वतःच्या तोंडानं सांगायचं, उद्या सकाळी मी हुतात्मानं पुण्याला जाणार, तिथं काम करणार, शुक्रवारी रात्री परत येणार. बॅग भरताना त्याला सोबत घ्या. मोजे त्यानं आत ठेवावेत. बूट त्यानंच आणून द्यावेत. लपवणारा हात कामाला लागला पाहिजे. सकाळी उठवू का, हे त्यालाच विचारा. "उठव" म्हणाला तर कितीही गाढ झोप असली तरी उठवायचं. शब्द दिला की दिला.

तो रडेल. पहिले दोन-तीन सोमवार जास्तच रडेल, त्यानं घाबरू नको. "रडू नको, शूर आहेस ना" असं म्हणायचं नाही. "पप्पा गेले म्हणून वाईट वाटतंय, मलाही वाटतंय" म्हणायचं आणि जवळ बसायचं. लांबड लावायची नाही, दहा वेळा मिठ्या मारून निघणं लांबवायचं नाही. एकदा सांगायचं, एक पापी, निघायचं. निरोप लांबला की मुलाला वाटतं अजून रडलो तर थांबतील, आणि ते खोटं ठरतं.

पोटाचं म्हणशील तर ते खरंच दुखत असतं. या वयात भीतीला दुसरं नाव ठाऊक नसतं, म्हणून मुलं पोट म्हणतात. "नाटक करू नको" म्हटलं की भीती आत जाते आणि पोट दुखायचं थांबत नाही. मी मुलांच्या पोटावर हात ठेवून विचारायची, कुठं दुखतंय, कसं दुखतंय, कुणाची आठवण आली की जास्त दुखतं का? एखादं लगेच सांगायचं, "आजीची." कळलं की निम्मं कमी. शाळा मात्र चुकवायची नाही. पोट दुखतंय हे मान्य करायचं, हात फिरवायचा आणि शाळेला न्यायचं.

टीचरना एक विचार. पाच मिनिटांत शांत होतो म्हणजे खेळायला लागतो, की गप्प होतो? या दोन्हींत फार फरक आहे. आणि गेटवरून तूही सांगूनच निघ. "डबा खाऊन, गाणी म्हणून झाली की मी याच झाडाखाली." आणि त्याच झाडाखाली उभी राहा.

आमच्या प्रशिक्षणात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी मुलांमधल्या कामाबद्दल शिकवायचे. मुलं शाळेत यायची नाहीत, तर त्यांनी शाळाच पाड्यावर, मुलांच्या अंगणात नेली. मी ते माझ्यापुरतं असं वापरलं, की नवं मूल फार रडत असेल तर संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन बसायची. त्याच्या आईच्या हातचा चहा प्यायची. दुसऱ्या दिवशी मी परकी बाई राहायची नाही. टीचरना घरी बोलावणं जमत नसेल तर त्यांचा एक फोटो तरी मागून घे आणि घरी त्यांच्याबद्दल चांगलं बोल, त्याच्यादेखत.

निवृत्त_मिलकामगार

सगळं वाचलं. बाईंचा अनुभव मोठा आहे, पण मला हे जरा जास्तच वाटतं. माझे वडील मिलमध्ये तिसऱ्या पाळीला जायचे. आम्ही सहा भावंडं. कोण आम्हाला सांगून जात होतं आणि कोण मांडीवर घेऊन बसत होतं? रडलो तर "का रडलालास बे" म्हणून एक धपाटा. तरी आम्ही उभे राहिलो, मिल बंद पडल्यावरसुद्धा खचलो नाही. आताच्या पोरांना थोडं सोसू दिलं पाहिजे. नाहीतर मोठेपणी वाऱ्यानं पडतील.

पूर्वभागच्या_बाई

काका, मुलानं सोसायला शिकलं पाहिजे हे मला शंभर टक्के मान्य आहे. म्हणूनच म्हणते, पप्पांनी नोकरी सोडू नये, मुलाची शाळा बंद करू नये, रडणं थांबवायला चॉकलेट देऊ नये. वाईट वाटू दे त्याला. ते सोसताना तो एकटा नसावा, एवढंच माझं म्हणणं.

आणि तुमच्या वडिलांचंच घ्या. मिलचा भोंगा वाजायचा. पाळी कधी लागते, कधी सुटते, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत असायचं. तुमचे वडील चोरून जात नव्हते काका, सगळ्या सोलापूरला ऐकू जाईल असं सांगून जात होते, आणि भोंगा वाजला की परत येत होते. दूध आणायला गेलेत असं कुणी तुम्हाला म्हणालं नाही.

दुसरं. हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या मानसशास्त्रज्ञांनी ती चाळिशीला येईपर्यंत पाठपुरावा केला. त्यातली जवळपास एक तृतीयांश मुलं फार हलाखीत जन्मली होती. गरिबी, घरातली भांडणं, आईबापांचं व्यसन नाहीतर आजारपण. त्यांतल्याही साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या मुलांनी संसार, नोकरी नीट सांभाळली, चांगली माणसं झाली. त्यांच्यात काय वेगळं होतं हे शोधलं तेव्हा ठळकपणे दिसलं ते हे, की लहानपणी त्यांच्याजवळ जीव लावणारं निदान एक तरी खात्रीचं माणूस होतं. आई-बापच असं नाही. आजी, मावशी, शेजारी, शिक्षक, कुणीही. तुम्ही सहा भावंडं आणि अख्खी चाळ. विचार करून सांगा, तुमचं ते माणूस कोण होतं?

निवृत्त_मिलकामगार

शेजारी एक तेलुगू आजी होती. विड्या वळता वळता मांडीवर घ्यायची, तंबाखूचा वास यायचा तिच्या लुगड्याला. वडील पाळीला गेले की मी तिच्याकडंच. बाई, भोंग्याचं पटलं.

बालरोग_वॉर्डातली_सिस्टर

बाईंनी सांगितलं ते मनावर घ्याच, पण अंथरुणाचं जरा आमच्या बाजूनं सांगते. पाच वर्षांच्या आतल्या मुलांनी रात्री अंथरूण ओलं करणं हा आजार नाही. मात्र सहा महिन्यांहून जास्त काळ पूर्ण थांबलेलं परत सुरू झालं, तर मनाचं कारण आहे असं गृहीत धरण्याआधी एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि लघवी तपासून घ्या. लघवीचा संसर्ग आणि बद्धकोष्ठ ही दोन कारणं नेहमी आढळतात. शी रोज होते का, खडा होतो का, बघा. एकाएकी फार तहान लागतेय, सारखी लघवी, वजन उतरतंय असं असेल तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासा, थांबू नका.

तपासणी ठीक आली की गादीवर प्लास्टिक घाला, झोपण्यापूर्वी लघवीला न्या आणि सकाळी चादर गुपचूप बदला. पाहुण्यांसमोर, भावंडांसमोर विषय नको. ओली गादी गॅलरीत वाळत घालून "बघा याचा पराक्रम" म्हणणारी घरं मी पाहिली आहेत. मूल ते विसरत नाही.

मोबाईलबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशीत दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास स्क्रीन आणि तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात १० ते १३ तास झोप सांगितली आहे. पण तुमच्या बाबतीत मला आकड्यापेक्षा जेवणाच्या वेळेची जास्त काळजी वाटते. दिवसभरात तुम्ही तिघं समोरासमोर बसता ती हीच वेळ. मूल घास खाताखाताच मनातलं बोलतं. तिथं मोबाईल आला की ते बोलणं राहून जातं.

महिना-दीड महिना नीट वागूनही फरक नाही, खेळणंच बंद झालं, बोलणं कमी झालं, खाणं सुटलं, स्वतःला मारून घेतोय, असं काही दिसलं तर बालमानसतज्ज्ञांकडं जा. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा सरकारी क्रमांक आहे, मोफत आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. आईनं स्वतःसाठी फोन केला तरी चालतो. तुम्ही स्वतः कशा आहात हे तुम्ही लिहिलंच नाहीये.

जुळेसोलापूरची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. बाईंचं उत्तर मिस्टरांना पाठवलं, त्यांचा लगेच फोन आला, बराच वेळ काही बोलेनात. या रविवारी ते सांगणार आहेत. डॉक्टरांची वेळ उद्याची घेतली आहे. रुमाल मुलानंच निवडले, त्यातला एक सासूबाईंचा आहे.

सिस्टर, मी थकते. रात्री दोनदा उठून चादर बदलते आणि सकाळी डबा. पण हे लिहिल्यापासून जरा हलकं वाटतंय.

आता दोन अडचणी. सासूबाईंना दुधाचं बोलू नका असं कसं सांगू? त्यांच्या मनात वाईट काही नाही, त्याचे डोळे भरले की त्यांना बघवत नाही. आणि मिस्टरांना एखाद्या शुक्रवारी सुट्टीच मिळाली नाही तर? महिन्यातून एखादा शनिवार कामावर जावं लागतं.

पूर्वभागच्या_बाई

सासूबाईंचं आधी. त्यांचाही मुलगा गेलाय ना गं. तू आई म्हणून तुझ्या लेकराचं बघतेस, त्या आई म्हणून त्यांच्या लेकराचं बघतात, आणि त्यांना कुणी विचारलेलं दिसत नाही. त्यामुळं "असं बोलू नका" यानं सुरुवात करू नको. आधी विचार, "आई, तुम्हाला करमतं का?" मग त्यांना एक काम दे, जे तुला येणार नाही. रोज रात्री झोपताना नातवाला पप्पांच्या लहानपणीची एक गोष्ट सांगायची. पप्पा गड्ड्याच्या जत्रेत कसे हरवले, पाळण्यात बसायला कसे घाबरले, काय असेल ते. पप्पांचं नाव घरात रोज मोकळेपणानं निघायला लागलं की दुधाची गोष्ट आपोआप गळून पडेल. शेंगाची चटणी, भाकरी, जे काही पप्पांबरोबर सोमवारी पाठवायचं असतं ते करताना त्याला सोबत घ्यायला सांग, शेंगा सोलता येतात त्याला. काकांना लहानपणी ती शेजारची आजी मिळाली. तुझ्या मुलाचं खात्रीचं माणूस तर घरातच आहे.

शुक्रवारचं असं कर. रुमाल लावायच्या आधी, म्हणजे रविवारीच, मिस्टरांना सुट्टीचं विचारून घे. नक्की नसेल तर पाच लावू नको, सात लाव आणि सांग की या वेळी जास्त आहेत. मधेच कळलं की येणं होणार नाही, तर कळल्या कळल्या सांगायचं, शुक्रवार रात्रीपर्यंत ताटकळत ठेवायचं नाही. सांगायचं पप्पांनी स्वतः, व्हिडिओ कॉलवर, त्याला दिसेल असं. "मी शुक्रवारी येतो म्हणालो होतो, साहेबांनी काम दिलं, मला यायला जमत नाही, तुला राग येईल." मग तो फोन फेकेल किंवा पप्पांशी बोलणार नाही म्हणेल. म्हणू दे. पप्पांनी दुसऱ्या दिवशी ठरलेल्या वेळेला परत फोन करायचा. आणि जादा रुमाल तू लावू नको, त्याच्या हातात दे, तो लावेल.

डॉक्टर काय म्हणाले ते उद्या इथंच लिही. सिस्टरही बघतील.